निळ्यावर निळं नाव

फोन आला तेव्हा मी टेम्पोतून पुट्टीच्या गोण्या उतरवून घेत होते. पलीकडे एक तरुण कोळी तावातावाने बोलत होता.

"ताई, तुमच्या रंगात भेसळ हाय काय? होडीवर आईचं नाव लिवून घेतलं, तर नावच न्हाय! संध्याकाळला पूजा हाय. येऊन बघा तुमी."

बोर्ली पंचतनच्या बाजारात माझं रंगांचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, ते गेल्यापासून मी चालवते. रंगाबद्दल तक्रारी येतात, पण नावच नाही अशी तक्रार कधी ऐकली नव्हती. मी शटर अर्धं ओढलं आणि स्कूटर काढून समुद्राकडे निघाले.

नारळी पौर्णिमा जवळ आली होती. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांवरच्या झावळ्या उतरल्या होत्या आणि जिकडेतिकडे रंगकाम चाललं होतं. एका होडीभोवती पंधरावीस माणसं जमली होती. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, रुंद निळा पट्टा होता. कोरा करकरीत. पट्ट्याखाली आमचे पेंटरकाका उभे होते, एक हात होडीच्या लाकडावर ठेवून.

या भागातल्या जवळजवळ सगळ्या होड्यांवरची नावं काकांच्या हातची. मी शाळेत होते तेव्हापासून ते आमच्या दुकानातून रंग नेत. त्यांच्या अक्षराला वळण असं, की लोक लग्नाचे फलकसुद्धा त्यांच्याकडूनच लिहून घेत.

"बघा," होडीवाला म्हणाला.

मी जवळ गेले. आधी काहीच दिसलं नाही. मग जरा बाजूला सरकले, तसं तिरकं ऊन पट्ट्यावर पडलं. नाव होतं. चारही अक्षरं होती, नेहमीसारखी ठसठशीत, वेलांट्यांची टोकं कोरून काढल्यासारखी. फक्त ती निळी होती. निळ्या पट्ट्यावर निळ्या रंगाने काकांनी पूर्ण नाव लिहिलं होतं.

पायाशी रंगाची लहान डबी उघडी पडली होती. तिच्यावर मी स्वतः बॉलपेनने लिहिलेलं होतं, 'निळा'.

"काका, ही डबी कसल्या रंगाची?" मी हळूच विचारलं.

त्यांनी खाली वाकून चाचपत डबी उचलली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. "लाल. तूच तर पाठवलीस ना, बाय."

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझ्या आवाजाकडे. नजर माझ्या कानाच्या जरा पलीकडे कुठेतरी होती. ज्या माणसाशी मी दर आठवड्याला बोलत होते, त्याला मी दिसत नव्हते.

होडीवाल्याची म्हातारी आई हातात हार घेऊन पुढे आली. "माजं नाव कुठं हाय रं?" ती मुलाला विचारत होती.

"चूक माझी आहे," मी घाईघाईने म्हणाले. "लाल सांगितला होता, मी निळा पाठवला."

"तुमी पाठवला असंल," होडीवाला म्हणाला, "पण लिवणाऱ्याला दिसत न्हाय काय?"

कुणीतरी हसलं. मला काकांना गप्प करायचं होतं, पण त्यांनी होडीवरचा हात काढून घेतला आणि सरळ उभे राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "दिसत न्हाय."

हसणारा थांबला. जी माणसं रोज त्यांना रामराम करत होती, ती आता एकमेकांची तोंडं बघत होती. शेवटी त्या म्हातारीनेच त्यांच्या दंडाला हात लावला.

"कवापासून?"

"दोन पावसाळं झालं."

त्या दोन पावसाळ्यांत त्यांनी किती होड्या लिहिल्या, हे तिथे उभे असलेले सगळे मनातल्या मनात आठवत असावेत. मीही आठवत होते. त्यातलं एकही अक्षर वाकडं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडते न उघडते तोच काकी आल्या. काकांची बायको. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या उरणला गेल्या होत्या, जावई तिकडे बंदरात कामाला आहे. बातमी कळताच पहाटेची एसटी पकडून आल्या होत्या. पिशवी खाली न ठेवताच त्या माझ्यावर कडाडल्या.

"निळा मोटा डबा सांगितला होता ना? ल्हान कशाला पाठवलास?"

"काकी, मोठा संपला होता. म्हणून दोन लहान दिले. वर लिहिलंही होतं."

"लिवलं होतं!" त्यांनी कपाळावर हात मारला.

आणि मग काउंटरला टेकून त्यांनी जे सांगितलं, ते मी स्टुलावर बसून ऐकलं. लाल नेहमी लहान डबीत. निळा अर्ध्या लिटरच्या डब्यात. पांढरा लिटरच्या. पिवळ्याच्या डब्याला त्या घरी नेल्यावर रबर बांधत. काका डबा हातात धरून रंग ओळखत. मला ती म्हाताऱ्या माणसाची तऱ्हा वाटायची. एकदा मी म्हणालेही होते, "काका, लाल मोठा घ्या ना, स्वस्त पडतो." ते नुसते हसले होते.

त्या खेपेला एका पिशवीत तीन लहान डब्या गेल्या होत्या, एक लाल आणि दोन निळ्या. मी मिनीडोर रिक्षावाल्याच्या हाती पिशवी दिली आणि विसरून गेले. काकांना वाटलं, मी लाल जास्त पाठवला.

"आणि अक्षरं?" मी विचारलं. "ती कशी काढत होते?"

काकींनी पिशवीतून जाळं विणायच्या नायलॉनच्या दोऱ्याची गुंडी काढली. नाव लिहायच्या आदल्या दिवशी ती दोघं होडीवर जात. काका लाकडावर बोट फिरवून दाखवत आणि काकी त्या बोटामागे दोरा ताणून चिकटपट्टीने पक्का करत. वरची रेघ, खालची रेघ, काना कुठे, वेलांटी कुठवर. मग काका डावं बोट दोऱ्यावर ठेवून उजव्या हाताने ब्रश चालवत. रंग सुकला की काकी दोरा उपटून काढत. बघणाऱ्याला वाटे, म्हातारा लाकडाला नाक लावून मन लावून काम करतोय.

"ह्या बारीला मी दोरं लावून गेलते," काकी म्हणाल्या. "सुकल्यावर ते ह्यांनीच चाचपून काढलं. रंगाचं बघाया मी न्हवते."

त्या आठवड्यात मी काकांना अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काकी बरोबर होत्या. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि मग खुर्ची काकांच्या जवळ ओढली. काचबिंदू आहे म्हणाले. गेलेली नजर परत येणार नाही. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर रोजच्या थेंबांवर बरीचशी टिकली असती.

"थेंबांवर?" काकींनी विचारलं.

"हो. दिवसातून दोनदा."

काकी माझ्याकडे वळल्या, जणू डॉक्टरांचं बोलणं मी त्यांना समजावून सांगायला हवं होतं. काम जाईल म्हणून काकांनी कुणाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरलाही नाही. लपवून ठेवण्यात जी हुशारी दोघांनी खर्च केली होती, तिच्यातच डोळे गेले होते. परतताना रेवदंड्याच्या स्टँडवर एसटी थांबली तेव्हा काकांनी चहा मागितला.

त्या मोसमात त्यांना पुढे एकही होडी मिळाली नाही. त्या चार अक्षरांच्या नावावर होडीवाल्याने रेडियमचं स्टिकर लावून घेतलं. त्याला मी दोष देत नाही. माझ्या डोळ्यांपुढून मात्र बॉलपेनने लिहिलेली ती डबी हलेना. काहीतरी करायला हवं म्हणून मी मोबाईलवर शोधून ठिपक्यांच्या लिपीतल्या पट्ट्या मागवल्या, एकेका डब्यावर नीट चिकटवल्या आणि काकांच्या ओटीवर नेऊन ठेवल्या.

काकांनी एका डब्यावर बोटं फिरवली. "ह्याला घामोळं आलंय काय गं?"

त्यांना ती लिपी येत असेल की नाही, हे मी विचारलंच नव्हतं. आंधळा माणूस म्हणजे ठिपके, एवढं मी धरून चालले होते. काकी पदराने तोंड झाकून हसत होत्या. होडीच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्या घरात कुणी हसलं असावं.

"मग काय हवं, ते तुम्हीच सांगा," मी म्हणाले.

"मला काय नगो," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, "रेघ वर यायला पायजे. बोटाला लागली पायजे. मग दोऱ्याची गरज न्हाय."

तिथून आमचं काम सुरू झालं. आधी ऑइल पेंटमध्ये खडूची पूड घालून बघितली, पण त्याचा वास घरभर राहायचा आणि सुकायला दोन दिवस लागायचे. मग पोस्टर कलर, खडूची पूड आणि पांढरा गोंद. पातळ झालं तर रेघ पसरून सपाट व्हायची, घट्ट झालं तर सुकताना तडकायची. शेवटी काकींनी भांडं माझ्या हातातून घेतलं. "भज्याच्या पिठावानी पायजे," म्हणत त्यांनी ते असं फेटलं, की चमचा उभा राहिला.

ते भरायचं कशात, हा प्रश्न मेंदीच्या कोनाने सुटला. माझ्या भाचीच्या लग्नातले रिकामे कोन घरात पडले होते. काकांनी पहिला कोन हातात घेतला, टोकाला बोट लावून बघितलं आणि पुठ्ठ्यावर एक सरळ रेघ ओढली. दुपारी ती सुकली. त्यांनी तिच्यावरून बोट नेलं, परत आणलं, परत नेलं.

"ही मी काढली," ते म्हणाले. दोन वर्षांत स्वतः काढलेली एकही रेघ त्यांनी पाहिली नव्हती. दुसरे सांगत, छान झाली, म्हणून ती छान.

रंग कसे ओळखायचे? प्रत्येकाची लाग, म्हणजे बोटाला लागणारा पोत, वेगळी ठेवायची, असं ठरलं. लाल नुसता गुळगुळीत. पिवळ्यात मी रवा घातला, तर दोन दिवसांत पुठ्ठ्यावर मुंग्यांची रांग लागली. मग रवा काढून लाकडाचा बारीक भुसा घातला. हिरव्यात भाताचं कुटलेलं तूस. निळ्यात वाळू घालायची, हे काकांनी सांगितलं.

"समुद्र खरखरीत?" मी म्हणाले.

"पाय ठेवून बघ ना कधी."

सुताराकडून एक लाकडी पेटी करून घेतली. तिला चार भोकं होती आणि प्रत्येकात एक कोन उभा राहायचा. काठाला खाचा पाडल्या होत्या, एका खाचेला लाल, दोनला पिवळा, तीनला निळा, चारला हिरवा. ती पेटी काउंटरवर होती तेव्हा एक बाई दुकानात आल्या. खाडीपलीकडे अंध मुलांची एक लहान निवासी शाळा आहे, तिथल्या त्या शिक्षिका. शाळेच्या दारांना लावायला रंग हवा होता. पेटी बघून त्यांनी विचारलं हे काय, आणि मी सांगितलं.

"आमच्याकडे चित्रकलेचा तास असतो," त्या म्हणाल्या. "वेळापत्रकाच्या कागदावर. त्या तासाला मुलं खुर्च्यांना वेत विणतात. चित्रकला काय शिकवणार त्यांना, असं आम्हीच म्हणत आलो."

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. मी रंगाचा डबा बाजूला ठेवला आणि पेटी त्यांच्यापुढे सरकवली.

महिनाभराने आम्ही तिघं पाच पेट्या घेऊन शाळेत गेलो. फरशीवर सतरंजी घातली होती, दहाबारा मुलं बसली होती. मुलांना समजावं म्हणून काकांनी आदल्या दिवशी एका मोठ्या पुठ्ठ्यावर सुरमई काढून ठेवली होती. होड्यांवर काढायचे तशी, डौलदार, शेपटी वर उचललेली. ती सुकून टणक झाली होती. मुलांनी एकेक करून हात फिरवला. पाचवीसहावीतली एक मुलगी मात्र पुठ्ठा सोडेना. परत परत तिची बोटं तोंडापासून शेपटीकडे जात होती.

"आजोबा, हा मासा कापलाय का?"

"का गो?"

"याला एकच डोळा आहे. सुट्टीत घरी गेले की मासे मीच साफ करते. दोन डोळे असतात."

काका गडबडले. "दुसरा मागल्या बाजूला हाय."

मुलीने पुठ्ठा उलटा केला आणि मागची बाजू चाचपली. सगळीकडे. कोपऱ्यांपर्यंत.

"इथं पण नाही."

शिक्षिका हसायला लागल्या होत्या, त्या थांबल्या. माशाची कड, एक डोळा, एक कल्ला, हे चित्र मी बालवाडीपासून बघत आले होते. तो मासा अर्धा आहे, हे मला कधी जाणवलंच नव्हतं. काकांचा चेहरा तर कुणीतरी तोंडात मारल्यासारखा झाला होता.

"मग तू काढ," ते शेवटी म्हणाले आणि चाचपत एक कोन तिच्या हातात दिला.

तिने आयुष्यात पहिल्यांदा रेघ काढली. कोन जोरात दाबला गेला, रंगाचा गोळा पडला, तो तिने बोटाने पुसला आणि तीच रेघ पुढे नेली. आधी मधला काटा. मग काट्याच्या दोन्ही बाजूंना मासा, दोन्ही पोटं उघडलेली. वर दोन डोळे, इकडे एक, तिकडे एक. सुकवायला उभा फाडून दोरीवर पसरलेला मासा असतो, अगदी तसा. आमच्या किनाऱ्यावर वाढलेल्या कुणीही तो क्षणात ओळखला असता.

काका सुकेपर्यंत थांबले. दीड तास. जेवायला बोलावलं तरी उठले नाहीत. मग त्या माशावर त्यांनी दोन्ही हात ठेवले.

"पुरा हाय," ते म्हणाले. "सगळा हाय."

निघताना शिक्षिकेने नोंदवहीत सह्या करायला सांगितलं. मी सही केली. काकांनी न बघता आपली लपेटदार सही ठोकली. मग काकींनी शाईचं पॅड पुढे ओढलं आणि अंगठा उठवला.

मी त्या निळ्या ठशाकडे बघत राहिले. ज्या बाईने दोन वर्षं होड्यांवर प्रत्येक अक्षराची वरची आणि खालची रेघ दोऱ्याने बांधून दिली, तिला अक्षरच येत नव्हतं. एसटीत बसल्यावर मी न राहवून विचारलं.

"काकी, मग ते दोरे तुम्ही कसे लावायचात?"

"ह्यांचं बोट जाईल तिकडं," त्या म्हणाल्या. "अक्षर कंचं हाय त्याचं मला काय करायचं?"

"शिकवू का तुम्हाला? आता रेघ वर येते. काका काढतील."

"मला न्हाय शिकायचं," त्या म्हणाल्या आणि तिकीट पदराच्या गाठीत बांधून खिडकीबाहेर बघत बसल्या. तो विषय मी परत काढला नाही.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. होडी लिहायचं काम काकांना पुन्हा मिळालं नाही, ते मिळेल असं त्यांनाही वाटत नाही. दर गुरुवारी ते शाळेत जातात, काकी पोचवतात. वेत विणायचं काम आता संध्याकाळी होतं आणि चित्रकलेच्या तासाला चित्रं निघतात. कोन आम्ही माझ्या दुकानामागच्या खोलीत भरतो. आणखी एका शाळेने पेट्या मागितल्या आहेत. टोकं वाळून बसतात म्हणून आता प्रत्येकात टाचणी खोचून देतो.

मागच्या महिन्यात काका शाळेतून एक निरोप घेऊन आले. मासा काढणाऱ्या त्याच मुलीचा.

"ती इचारत होती, पेटीत काळा का न्हाय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि काय बोलणार होते ते ध्यानात येऊन तसंच मिटलं. पहिल्या दिवशी मीच ठरवलं होतं. या मुलांना काळा कशाला, काळोख काय त्यांना कमी आहे, असं माझ्या मनात आलं होतं. मी ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

"तिला कशाला हवाय?"

"तिची येणी काढायचीय. बाई सांगतात, तुझे केस काळे हायेत म्हणून."

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं मी म्हणणार नाही. लागली. पण सकाळी उठून पहिलं काम केलं ते काळ्या पोस्टर कलरची नवी बाटली उघडायचं. त्याची लाग कशी ठेवायची यावर तिघांचं भांडण झालं. मी म्हटलं गुळगुळीत, काका म्हणाले गुळगुळीत तर लाल आहे. काकींनी नारळाच्या सोडणाचा काथ्या आणला, कात्रीने तांदळाच्या कणीएवढा बारीक केला आणि रंगात कालवला. सुकल्यावर बोट फिरवलं तर खरंच केसांसारखं लागतं.

फक्त कोनाचं टोक तुंबतं. काल भोक जरा मोठं कापून बघितलं, तर रेघ दोरखंडाएवढी जाड आली. आज काकी काथ्या आणखी बारीक करतायत.